दीडशे आगी लागल्यावर ‘रिकॉल’: एटीव्हीतला दोष ग्राहकापर्यंत पोचायला इतका वेळ का लागतो?

जाड टायर, गाडीच्या मागच्या भागावर कसाबसा टेकलेला मित्र आणि वाळूत मारलेला एक गोल राउंड. अलिबागजवळच्या नागाव किंवा काशीदच्या किनाऱ्यावर काढलेला असा एक तरी रील तुमच्या फीडमध्ये येऊन गेला असेल. आपल्याकडे एटीव्ही, म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल, ही पंधरा-वीस मिनिटांची मजा आहे. अमेरिकेत मात्र ती घरोघरची वस्तू आहे. शेतावर चारा वाहायला, बर्फ बाजूला करायला, शिकारीला जायला आणि शनिवार-रविवारी वाळवंटात उडवायला तिथे ती लागतेच. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या हिशेबाप्रमाणे रस्त्याबाहेर चालणाऱ्या अशा गाड्यांच्या अपघातांत तिथे वर्षाला सरासरी ८०० हून जास्त माणसं मरतात आणि सुमारे १ लाख लोकांना दवाखान्याच्या इमर्जन्सी विभागात न्यावं लागतं.

यातल्या बऱ्याच अपघातांचं खापर चालवणाऱ्यावर फोडलं जातं. हेल्मेट नव्हतं, वेग जास्त होता, दारू प्यायला होता, लहान पोराच्या हातात गाडी दिली होती. हे सगळं अनेकदा खरंही असतं. पण काही वेळा दोष गाडीतच असतो आणि तो कंपनीला माहीतही असतो. मग ती माहिती चालवणाऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? याचं उत्तर समजून घ्यायला अमेरिकेतलंच एक प्रकरण बघू.

चालत्या गाडीला आग

पोलारिस ही मिनेसोटा राज्यातली कंपनी, या धंद्यातलं जगातलं एक मोठं नाव. तिची ‘आरझेडआर’ ही गाडी तरुणांमध्ये भलतीच लोकप्रिय. तांत्रिकदृष्ट्या ती एटीव्हीची चुलत बहीण म्हणायला हवी. एटीव्हीवर बाइकसारखं दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतात आणि हँडलने वळवतात. आरझेडआरमध्ये मोटारीसारख्या शेजारी-शेजारी सीट, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो. अशा गाड्यांना ‘साइड बाय साइड’ किंवा ‘यूटीव्ही’ म्हणतात. आयोग तिला वेगळं नाव देतो, पण दुकान तेच, गिऱ्हाईक तेच आणि धोकेही बरेचसे तेच.

१९ एप्रिल २०१६ रोजी पोलारिसने २०१३ ते २०१६ या मॉडेल वर्षांच्या सुमारे १ लाख ३३ हजार आरझेडआर ९०० आणि आरझेडआर १००० परत मागवल्या. कारण एका ओळीचं होतं: गाडी चालू असताना पेट घेऊ शकते. तोपर्यंत कंपनीकडे आगीच्या १६० हून जास्त तक्रारी आल्या होत्या. १९ जण जखमी झाले होते, त्यांतल्या काहींना थर्ड डिग्री म्हणजे कातडीच्या पार आतपर्यंत भाजलं होतं. गाडी उलटून आग लागल्यामुळे १५ वर्षांच्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला होता.

या आकड्यांत खटकते ती त्यांची रांग. १६० आगी एका रात्रीत लागत नाहीत. पहिली आग, दहावी आग, पन्नासावी आग, प्रत्येकीची कुठे ना कुठे नोंद होत होती आणि दुकानात त्याच गाड्या विकल्या जात होत्या.

आता आग का लागते ते बघू. या गाडीचं ताकदवान इंजिन सीटच्या लगेच मागे बसवलेलं असतं. मोटारीचं इंजिन बॉनेटखाली असतं, पुढून वारा लागतो, शिवाय इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये पत्र्याची भक्कम भिंत असते. इथे जागा कमी, सगळं एकमेकांना चिकटून आणि अंगावरचे बहुतेक भाग प्लास्टिकचे. शेजारी तापलेला एक्झॉस्ट, जवळून गेलेल्या पेट्रोलच्या नळ्या. वर गाडी खडकांवरून आदळत जाणार, त्यामुळे नट-बोल्ट आणि क्लिपा ढिल्या होण्याची भीती कायमचीच. उष्णता अडवणारा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, जागचा हलला की प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही. पोलारिसच्याच ‘रेंजर’ या शेतकामाच्या गाडीत नेमका हाच दोष निघाला, तिचं हीट शील्ड ढिलं होऊन गळून पडत होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये टर्बो इंजिनाच्या सुमारे १३ हजार आरझेडआर परत मागवल्या गेल्या. त्यांत इंजिन जास्त तापत होतं आणि टर्बोमधून ऑइल खाली नेणारी नळी ढिली होत होती.

आणि सीटबेल्ट लावलेला असताना पाठीमागे आग लागली तर उतरायला किती सेकंद मिळतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

दुरुस्त केलेल्या गाड्याही पेटल्या

रिकॉल झाला, गाड्या डीलरकडे गेल्या, फुकट दुरुस्ती झाली. बहुतेक बातम्या इथेच संपतात. हे प्रकरण संपलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सुरक्षा आयोग आणि पोलारिस यांना मिळून एक निवेदन काढावं लागलं. २०१६ च्या रिकॉलमध्ये दुरुस्त झालेल्या गाड्यांना आगी लागल्याच्या तक्रारी येतच आहेत, काही गाड्या पूर्ण जळून खाक झाल्या आहेत, आणि त्या रिकॉलमध्ये नसलेल्या काही आरझेडआरही पेटत आहेत, असं त्यात म्हटलं होतं.

म्हणजे ज्याने कंपनीचं ऐकलं, गाडी नेऊन दिली आणि ‘झालं आपलं काम’ म्हणून पोरांना घेऊन पुन्हा डोंगरात गेला, त्याचाही धोका टळला नव्हता.

एप्रिल २०१८ मध्ये पोलारिसने आयोगाला २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर दंड भरायचं मान्य केलं. तेव्हाच्या दराने सुमारे पावणेदोनशे कोटी रुपये. आयोगाने तोवर लावलेला हा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. आणि हा दंड सदोष गाडी बनवल्याचा नव्हता, दोष वेळेत न कळवल्याचा होता. आयोगाचा आरोप असा की आरझेडआरबद्दल कंपनीने कळवलं तोवर तिच्याकडे १५० आगींच्या तक्रारी जमल्या होत्या. त्यांत एक मृत्यू होता, भाजल्याच्या ११ घटना होत्या आणि एका आगीने १० एकर जमीन जाळली होती. रेंजरच्या हीट शील्डबद्दलही हाच आरोप होता.

दंडाचा आकडा मोठा वाटतो खरा. पण २०१८ या वर्षातली पोलारिसची विक्री सुमारे ६ अब्ज डॉलरची होती. त्या मानाने हा दंड अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो.

२४ तासांचा कायदा, मग उशीर कसा?

अमेरिकेचा कायदा कागदावर कडक आहे. उत्पादनात मोठा धोका निर्माण करणारा दोष असल्याचं मानायला वाजवी कारण मिळालं की कंपनीने २४ तासांत आयोगाला कळवायचं. चौकशी करायची असेल तर साधारण कामकाजाचे दहा दिवस मिळतात. गोम आहे ती ‘वाजवी कारण’ या शब्दांत. एका गाडीला आग लागली, तर मालकाने काहीतरी वायरिंग केलं असेल. दुसरीला लागली, तर एक्झॉस्टमध्ये वाळलेलं गवत अडकलं असेल. तिसरीचा तर सांगाडाच उरलाय, कारण शोधणार कशात? प्रत्येक आगीला एक स्वतंत्र स्पष्टीकरण सापडतं आणि ‘वाजवी कारणा’चा दिवस पुढे ढकलला जातो. यात दरवेळी कुणी खलनायक असतोच असं नाही. पण स्पष्टीकरण शोधण्याचं काम ज्याच्या हातात आहे, नुकसानही त्याचंच होणार असेल, तर काटा कुठल्या बाजूला झुकेल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

दुसरी अडचण आयोगाच्याच कायद्यात आहे. एखाद्या कंपनीचं नाव घेऊन लोकांना सावध करायचं असेल, तर ‘कलम ६ (ब)’नुसार आयोगाने साधारणपणे आधी त्या कंपनीला कळवायचं, तिचं म्हणणं ऐकायचं आणि मग माहिती जाहीर करायची. सक्तीने रिकॉल करायचा तर सुनावणीची लांबलचक प्रक्रिया चालवावी लागते. त्यामुळे बहुतेक रिकॉल ‘स्वेच्छेने’ होतात, म्हणजे वाटाघाटी करून. निवेदनात कुठला शब्द वापरायचा यावरही घासाघीस चालते.

तिसरी अडचण सगळ्यात साधी: मालक सापडत नाही. मोटारीचं तसं नसतं. अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षेसाठी महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन नावाची वेगळी यंत्रणा आहे. मोटारीची राज्याकडे नोंदणी असते, ती विकली की नवा मालकही नोंदवला जातो, म्हणून रिकॉलचं पत्र त्याच्या दारात पोचतं. एटीव्ही रस्त्यावरची गाडी नाही. ती टोस्टर आणि पाळणा तपासणाऱ्या ग्राहक आयोगाकडे येते. तिची नोंदणी काही राज्यांत लागते, काहींत नाही. एकदा का ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली की कंपनीचं पत्र पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडतं.

‘चालवणाऱ्याची चूक’ हे जुनं उत्तर

आग दिसते तरी. गाडी उलटली, तर दोष कुणाचा हे ठरवणं महाकठीण. यामाहाच्या ‘रायनो’चं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. ही दोन सीटची गाडी २००४ च्या मॉडेल वर्षापासून विकली गेली. ती उलटल्याच्या तक्रारी आणि कोर्टातले दावे वाढत गेले, तेव्हा यामाहाचं म्हणणं होतं की गाडी सुरक्षित आहे, लोक ती चुकीची चालवतात.

३१ मार्च २००९ रोजी सुरक्षा आयोगाने सुमारे १ लाख २० हजार रायनोंसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली. रायनोच्या ५० हून जास्त घटना आयोगाने तपासल्या होत्या, त्यांत ४६ मृत्यू होते. दोनतृतीयांशाहून अधिक प्रकरणांत गाडी उलटली होती. अनेकांनी सीटबेल्ट लावला नव्हता, हेही आयोगाने नोंदवलं. पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती: उलटण्याच्या अनेक घटना तुलनेने कमी वेगात आणि सपाट जमिनीवर वळताना घडल्या असाव्यात.

सपाट जमीन, कमी वेग. इथे ‘चालवणाऱ्याची चूक’ हे उत्तर पुरत नाही.

दुरुस्ती काय होती ते पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. मागच्या चाकांना स्पेसर बसवायचे, म्हणजे चाकं थोडी बाहेर येऊन गाडीचा पाया रुंद होईल. आणि मागचा अँटी-स्वे बार काढून टाकायचा. शिवाय अर्धे दरवाजे आणि धरायला जास्तीच्या मुठी. चालवणारा तोच राहिला, बदल झाला तो गाडीत.

या गाड्या मुळातच उंच आणि अरुंद असतात, झाडांमधून आणि दगडांवरून जायचं म्हणून. त्यामुळे वजनाचा मध्य वर असतो. शिवाय अनेक एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अॅक्सलवर असतात. मोटार वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. अखंड अॅक्सलला हे जमत नाही, त्यामुळे चालवणाऱ्याला आपलं अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवून गाडी वळवावी लागते. आता अशा एका माणसाच्या गाडीवर मागे दुसरा माणूस बसला की पुढच्याला अंग झुकवायला जागाच उरत नाही, आणि वजन वर आणि मागे सरकतं. म्हणूनच एकट्यासाठी बनवलेल्या एटीव्हीवर मागे कुणाला बसवू नका, असं लेबल लावलेलं असतं. रील काढताना ते बहुधा मांडीखाली झाकलं जातं.

सुरुवातीच्या एटीव्ही तर तीनचाकी होत्या. होंडाने १९७० मध्ये फुग्यासारख्या टायरांची तीनचाकी आणली. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या बाँडपटातही ती झळकली. ऐंशीच्या दशकात तीनचाकींवरून पडून मेलेल्या आणि जखमी झालेल्या मुलांचे आकडे वाढत गेले आणि अमेरिकी सरकार कोर्टात गेलं. १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांनी दहा वर्षांचा करार मान्य केला. नव्या तीनचाकी विकायच्या नाहीत, खरेदीदाराला प्रशिक्षण द्यायचं, वयाचे इशारे लावायचे. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. लोकांच्या अंगणात आधीच उभ्या असलेल्या तीनचाकी परत घेऊन पैसे द्यायचं कलम. नव्या तीनचाकींवर कायद्यानेच बंदी आणायला २००८ साल उजाडलं.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. तिथे शेतावरच्या मृत्यूंमध्ये क्वाड बाइक, म्हणजे चारचाकी एटीव्ही, हे मोठं कारण. एकेका मॉडेलमधला दोष सापडायची वाट बघत बसण्यापेक्षा सरकारने २०१९ मध्ये सगळ्यांसाठीच सुरक्षा मानक आणलं. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक नव्या गाडीवर ती किती कोनात कलंडते याची माहिती देणारा टॅग आला. ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या गाड्यांना चालवणाऱ्याच्या पाठीमागे संरक्षक कमान बसवणं सक्तीचं झालं, गाडी उलटली तरी माणूस तिच्याखाली चिरडू नये म्हणून. होंडा, यामाहा आणि पोलारिस यांनी या कमानीला विरोध करून तिथल्या बाजारात अशा क्वाड बाइक विकणंच थांबवलं.

आणि आपल्याकडे?

रिकॉल हा शब्द आता आपल्यालाही नवा राहिलेला नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ओलाच्या ई-स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमध्ये फिरला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने कलम ११०-अ आणलं. ठरावीक प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायचा आदेश देऊ शकतं. आदेश मोडला तर १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पण हा कायदा आहे मोटार वाहनांचा, म्हणजे रस्त्यावर चालवण्याजोग्या गाड्यांचा. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही रस्त्यासाठी मंजूर नसतात. त्यांना आरटीओचा नंबर नाही, आरसी बुक नाही, ‘वाहन’ पोर्टलवर नोंद नाही. ठरावीक मालकांनी तक्रार केली तर, असं कायदा म्हणतो, पण इथे मालकांची यादीच कुठे नाही. अमेरिकेतली तिसरी अडचण आपल्याकडे पहिल्याच पायरीवर आडवी येते.

मग उरतो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्याच्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवायचा आदेश देऊ शकतं आणि सदोष उत्पादनामुळे इजा झाली तर भरपाईही मागता येते. इथे एक बारीक पेच आहे. धंद्यासाठी वस्तू घेणारा माणूस या कायद्यात ‘ग्राहक’ धरला जात नाही, अपवाद फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याचा. म्हणजे किनाऱ्यावर एकच एटीव्ही घेऊन स्वतः उभा राहणारा ग्राहक ठरू शकतो. आठ गाड्या आणि चार पोरं कामाला ठेवणाऱ्याचं काय, यावर वकील वाद घालू शकतात. पैसे देऊन राइड घेणारा मात्र सेवेचा ग्राहक आहेच.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं आणि अशा व्यावसायिकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलं. केंद्राच्या साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही एटीव्हीसाठी वेगळा भाग आहे. या नोंदणीतून निदान धंदा कुणाचा, हे कळतं. परदेशात परत मागवलेलं मॉडेल इथे कुणाच्या शेडमध्ये उभं आहे, हे कळायला मात्र गाडीच्या फ्रेमवरचा नंबर कुठेतरी लिहिलेला असायला हवा. अमेरिकी आयोगाचा रिकॉल अमेरिकेत विकलेल्या गाड्यांसाठी असतो. भारतातल्या गाड्यांसाठी कंपनीने इथे स्वतंत्रपणे कळवावं लागतं, आणि सेकंड हँड एटीव्ही असेल तर ते कळवायचं कुणाला, हा प्रश्न आहेच.

त्यामुळे सध्या तपासणी उरते ती राइड घेणाऱ्याच्या हातात. अंगठा सोडला की ऍक्सिलरेटर लगेच मागे येतो का, दोन्ही ब्रेक लागतात का, उतारावर पार्किंग ब्रेक गाडी धरतो का, पेट्रोलचा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येतो का, हे गाडी सुरू करून दोन मिनिटांत बघता येतं. लहान मुलाला बसवायचं असेल तर त्या गाडीवर छापलेलं वय वाचायचं. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत आयोगाने मुलांच्या स्वस्त आयात एटीव्हींविरुद्ध एकामागून एक इशारे दिले आहेत. त्यांतले बरेचसे ब्रेकसारख्या सक्तीच्या गोष्टी मानकात न बसल्याबद्दलचे आहेत, आणि अशा गाड्यांचा ऑनलाइन विक्रेता कित्येकदा दुरुस्ती किंवा परतावा द्यायला तयारच होत नाही.